चाकावरचे घोडे

वाशीम जिल्ह्यात "किती एचपीचा?" हा प्रश्न कुणालाही, कशाबद्दलही विचारता येतो. ट्रॅक्टर घेणाऱ्याला तो पेढा तोंडात असतानाच विचारतात. विहिरीवरच्या मोटारीबद्दल मात्र जरा आवाज खाली घेऊन विचारावा लागतो. कृषिपंपाचं बिल एचपीवर यायचं त्या काळापासून ट्रॅक्टरचे घोडे सांगताना दोन वाढवायचे आणि मोटारीचे सांगताना दोन कमी करायचे, अशी आमच्याकडची रीत आहे. 2024 पासून राज्य सरकारनं साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज दिली. त्यानंतर त्याहून मोठी मोटार आपल्याकडे आहे असं आपणहून सांगणारा शेतकरी माझ्या तरी पाहण्यात नाही. सांगायचा मुद्दा एवढाच, की कागदावरचे घोडे आणि पाण्यातले घोडे वेगवेगळे असू शकतात, हे या मातीत नव्यानं शिकवायची गरज नाही.

आमच्या गुरुजींना मात्र ते शिकायचं राहून गेलं होतं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, विषय गणित. त्यांच्या अंगणात चिंचेखाली ताडपत्री पांघरून एक राजदूत 350 उभी असते. ज्यांना राजदूत म्हटलं की दूधवाल्याची गाडी आठवते, त्यांच्यासाठी सांगतो. ही ती नव्हे. ही मूळची यामाहाची आरडी 350. एस्कॉर्ट्सनं 1983 साली ती इथल्या नावानं भारतात आणली. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. दुधाचा कॅन हिला बांधला असता तर गिऱ्हाइकाच्या दारात लोणीच पोचलं असतं. जपानी गाडीची ताकद 39 घोड्यांची होती. आपल्याकडे पेट्रोलचा खर्च पाहून तिला मुद्दाम आवरतं घेतलं आणि 30.5 वर आणलं. पुढं तेही जास्त वाटलं, म्हणून आणखी कमी ताकदीची एक आवृत्ती निघाली. जाणकार पहिलीला एचटी आणि दुसरीला एलटी म्हणतात. गुरुजींची एचटी आहे, आणि हे ते पाणी विचारायच्या आधी सांगतात. इतकं करूनही ॲव्हरेज विचारणाऱ्या देशात ती फार चालली नाही. दशक संपता संपता कारखान्यानं ती बंद केली. मग जे होतं तेच झालं. विकत मिळत होती तेव्हा कुणी घेईना, आणि मिळेनाशी झाल्यावर सगळ्यांना हवी झाली.

निवृत्तीचे पैसे हातात आले तसा गुरुजींच्या मनात एक हिशेब सुरू झाला. जपान्यांनी दिलेले आणि इथं काढून घेतलेले साडेआठ घोडे परत आणायचे. एका लेथवाल्यानं सिलिंडरची भोकं वर-खाली कोरून मोठी करून दिली. याला पोर्टिंग म्हणतात. तो म्हणाला, चार घोडे वाढतील. दुसऱ्यानं हेड घासलं, दोन. तिसऱ्यानं कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधे बसणाऱ्या रीडच्या पत्त्या बदलल्या, दोन. चौथ्यानं मूळ एअर फिल्टरचा डबा काढून उघडे शंकूसारखे फिल्टर लावले आणि प्रामाणिकपणे दीडच सांगितला. गुरुजींनी वहीत बेरीज मांडली: 30.5 अधिक 4 अधिक 2 अधिक 2 अधिक 1.5, बरोबर 40. जपानपेक्षा एक जास्त. बेरजेत चूक नव्हती, मी स्वतः पडताळून पाहिली.

बेरीज झाली की ताळा करणं आलं. त्यासाठी डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, लागतो, आणि तो वाशिमात नाही. पुण्याला जायचं ठरलं. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे. तेव्हा ही चाळीस घोड्यांची रेसर गाडी एका पिकअपच्या हौद्यात, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर, दोरखंडानं बांधून निघाली. सोबत मिस्त्री होते. मिस्त्री म्हणजे जुन्या बसस्टँडामागं टिनाच्या शेडमध्ये ज्यांचं गॅरेज आहे ते. वर सांगितलेल्या चौघांपैकी ते कुणीच नव्हते. गुरुजींनी त्यांना आधी विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे ते वाटेत अनेकदा सांगत होते.

डायनो दिसायला अगदी साधा. जमिनीत बसवलेला एक जड लोखंडी रूळ, त्यावर गाडीचं मागचं चाक, गाडी पट्ट्यांनी आवळलेली, समोर मोठा पंखा. गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये टाकून पूर्ण पिळायची. तो जड रूळ किती झपाट्यानं वेग घेतो, त्यावरून संगणक ताकद काढतो. गाडी जागची हलत नाही, आवाज मात्र पंचक्रोशीत जातो. मग कागद बाहेर येतो. गुरुजींच्या कागदावर छापलं होतं 24.5.

गुरुजींनी कागद उलटा करून पाहिला.

परत आल्यावर वाशिमात निदानं सुरू झाली. आमच्याकडे शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, अनुभव दांडगा आहे, त्यामुळे निदानाला माणसं कमी पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली शर्यती बंद केल्या, 2021च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. एवढ्या वर्षांत पट बंद होते, पण जोडी का हरली याची चर्चा कधीच बंद नव्हती. विदर्भातल्या पटात जोडी घड्याळावर धावते, निकाल सेकंदात लागतो. वेळ वाईट लागली की दाणीत दगड होता, धुरकऱ्यानं कासरा उशिरा सोडला, घड्याळवाला समोरच्या गावचा होता, अशी कारणं पुढं येतात. डावा बैल आज खातच नव्हता, असं सगळ्यांत शेवटी कुणीतरी हळूच सांगतो, आणि बहुतेक वेळा खरं तेच असतं. बैलजोडीची ताकद साधारण एक एचपी धरतात. त्या मापानं गुरुजींच्या पंचवीसेक जोड्या पुण्यात मान खाली घालून परतल्या होत्या.

चहाच्या टपरीवर पहिलं निदान झालं ते पुण्याच्या हवेचं. "गुरुजी, गाडी तं झकास हाये तुमची. थो कागदच चुकला असन. पुन्याची हवाच पातळ हाये, बाप्पा!" हवा पातळ असली की इंजिनाला कमी प्राणवायू मिळतो आणि ताकद घटते, हे खरंच आहे. पण पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-साठ मीटरवर, आणि वाशीमही त्याच्याच आसपास. वाऱ्याला पुणेरी आणि वऱ्हाडी असा भेद कळत नाही. शिवाय डायनोचा संगणक उंची आणि उन्हाळा दोन्हींचा हिशेब करून सात-आठ टक्के वाढवूनच आकडा देतो. म्हणजे न वाढवलेला आकडा पावणेतेवीसच्या घरातला होता. हे कळल्यावर गुरुजींनी हवेचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसरं निदान पेट्रोलचं. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्यानं कमी ऊर्जा. त्यात त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे कार्बोरेटरच्या जुन्याच भोकातून, जेटमधून, आलं तर मिश्रण सुकं पडतं. नव्या गाड्यांचा संगणक हे सांभाळून घेतो. 1983च्या कार्बोरेटरला सांभाळायला फक्त मिस्त्री असतात. या निदानात तथ्य होतं, पण त्यानं एखादा घोडा लंगडला असता, पंधरा पळाले नसते.

मिस्त्रींनी या कशातच भाग घेतला नाही. त्यांनी आधी गुरुजींची वही मागितली.

"गुरुजी, हे साडेतीस कुठले?"

"कंपनीचे."

"कंपनी कुठं मोजते?"

इथं गुरुजी गप्प झाले. कंपनी मोजते ती क्रँकशाफ्टपाशी, इंजिनाच्या तोंडाशी. डायनो मोजतो ते चाकापाशी. मधे क्लच, गिअर, चेन, बेअरिंगं, आणि रुळावर दबलेलं टायर. प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो, आणि सगळ्यांचा मिळून दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे वहीतले चाळीस पूर्ण खरे असते, तरी कागदावर पस्तीसच उमटले असते. हरवलेल्या साडेपंधरांपैकी पाच तर कधी हरवलेच नव्हते. सरकारी योजनेचा निधी गावापर्यंत येताना काय होतं ते गुरुजींना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांनी हे चटकन मान्य केलं.

उरलेल्या दहांसाठी मिस्त्रींनी दोन्ही प्लग काढले आणि कालच्या पेपरावर शेजारीशेजारी ठेवले. ते मी जवळून पाहिले. उजव्या प्लगच्या टोकाची चिनीमाती भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाची, कडेला जरा तेलकट. असा प्लग पाहून मिस्त्री लोक मान डोलावतात. डावा पांढराफटक, चुन्यात बुडवून काढल्यासारखा, आणि टोकाला बारीक चकाकणारे दाणे. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, प्लग डोळ्याला लावला आणि म्हणाले, "डावा बैल खाऊन नाई राह्यला."

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवा आधी खालच्या पेटीत, क्रँककेसमध्ये, जाते आणि मग वर सिलिंडरात. त्यामुळे ती पेटीसुद्धा हवाबंद लागते. या गाडीत डाव्या टोकाला, डायनॅमो आणि पॉइंटच्या मागं, क्रँकचं एक रबरी सील असतं. ते चिराळलं की तिथून फुकटची हवा आत शिरते आणि तेवढ्याच सिलिंडरला मिश्रण सुकं जातं. ताकद जाते, आणि फार दुर्लक्ष केलं तर पिस्टनही जातो. मिस्त्रींनी तोंडं बंद केली, सायकलच्या पंपानं बेतानं हवा भरली आणि सीलवर कपड्याच्या साबणाचा फेस लावला. फेसातून एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. मग दुसरा. चाळीस वर्षांचं रबर. कोरणाऱ्या, घासणाऱ्या, पत्त्या बदलणाऱ्या आणि फिल्टर लावणाऱ्या चौघांपैकी कुणाला ते पाहावंसं वाटलं नव्हतं, कारण सील बदलून घोडे वाढतात असं कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

सील बदललं, जेटही एक माप मोठे घातले. गाडी पुष्कळ सुधारली, पण वर गेल्यावर मधेच हात झटकून बसायची. इथं मिस्त्रींनी त्यांचं खरं म्हणणं मांडलं, आणि ते गुरुजींना सगळ्यांत जड गेलं.

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता आवाज मारायला नसतो. जळालेला धूर सुसाट बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मागोमाग थोडं ताजं पेट्रोलही निसटतं. सायलेन्सरचं पोट पुढं फुगत जातं आणि शेवटी आवळतं. त्या आवळलेल्या भागावर दाबाची लाट आपटते, उलटी फिरते आणि निसटलेलं ताजं पेट्रोल परत सिलिंडरात ढकलते, भोक बंद व्हायच्या अगदी आधी. हे जमतं ते ठराविक आरपीएमला. कारखान्याचा सायलेन्सर पावणेसात हजारांच्या बेताचा. लेथवाल्यानं धुराचं भोक वर कोरून ठेवलं होतं, म्हणजे सिलिंडरला आता त्याहून बराच वरचा वेग हवा. तिथं पोचेपर्यंत सायलेन्सरची लाट भलत्या वेळी यायची, आणि ताजं पेट्रोल सरळ रस्त्यावर. कोरल्यानं चार वाढतात हे खोटं नव्हतं, पण ते त्याला जुळणाऱ्या सायलेन्सरसह. प्रत्येकानं आपापला आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीवरचा सांगितला होता, आणि गुरुजींनी ते एका गाडीत बेरजेला घेतले.

"मग सायलेन्सर का नाही बदलले?" मी विचारलं.

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहू लागलो. ते सायलेन्सर मूळचे होते, कारखान्यातून आलेले, क्रोमचे, कुठंही चिंबलेले नाहीत. असे आता मिळत नाहीत. दर रविवारी गुरुजी ते धोतराच्या मऊ फडक्यानं पुसतात आणि त्यात चेहरा पाहतात. गाडीत जे जे आतलं, न दिसणारं होतं ते सगळं त्यांनी बदललं, आणि जे बदलायला हवं होतं ते चमकत होतं म्हणून राहिलं. जुना सायलेन्सर काढून मोकळा, ढणढणणारा लावला तर पोलिसांची पावती ठरलेली, हेही त्यांनी जाता जाता जोडलं. पण ते निमित्त होतं.

मिस्त्रींच्या शेडमध्ये एका पोत्यात दुसऱ्या एचटीचे दोन मूळ सिलिंडर पडून होते, न कोरलेले. त्यांनी ते होन करून, नव्या रिंगांसह बसवले. हेड न घासलेलं, पत्त्या मूळच्या, फिल्टरचा डबा माळ्यावरून उतरवून पुसून लावला. गुरुजींनी आठवडाभर गॅरेजकडे फिरकायचंही टाळलं. वहीतल्या चारही ओळींवर लाल शाईनं काट मारली गेली. मार्कं कापायची सवय असल्यानं हात थरथरला नसावा.

पुढं पुण्यात नात्यातलं लग्न निघालं, आणि पिकअपही निघाला. तोच रूळ, तोच पंखा, टायरात आधीइतकीच हवा, कारण मिस्त्रींनी ती मोजून ठेवली होती. कागद आला. साडेसव्वीस. म्हणजे कंपनीच्या साडेतीसातून वाटेतल्यांचा वाटा गेला की जेवढे उरावेत, तेवढेच. मी गुरुजींचं सांत्वन कसं करावं याची जुळवाजुळव करत होतो. त्यांनी खिशातून पेन काढलं, कागदाच्या कोपऱ्यात 26.5 वजा 24.5 मांडलं, उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि मिस्त्रींकडे वळले.

"सगळं काढलं तर दोन वाढले. मिस्त्री, आणखी काय काढता येईल?"