टाकी भरून ठेवू का?

व्हर्जिनियातल्या मुक्कामात मुलानं गाडीतच बजावलं होतं, "बाबा, जेम्सटाउन दोन आहेत. तिकिटं वेगवेगळी. गोंधळू नका." मनमाडच्या माणसाला असल्या गोष्टींनी काय गोंधळायचंय? आमच्या स्टेशनावर अर्धी गाडी रिकामी होते, पण त्यातला मनमाडसाठी उतरलेला माणूस शोधून काढावा लागतो. बाकीच्यांना शिर्डीला जायचं असतं. पाटी एका गावाची आणि ओढ दुसऱ्याचीच, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

आदल्या दिवशी यॉर्कटाउन उरकलं होतं. 1781 साली कॉर्नवॉलिस साहेबानं वॉशिंग्टनपुढे हत्यारं ठेवली, ती जागा. साहेब त्या दिवशी आजारी असल्याचं सांगून स्वतः आलेच नाहीत, तलवार घेऊन हाताखालच्या माणसाला पाठवलं. मी रेल्वेत आयुष्य काढलं, त्यामुळे नेमका तपासणीच्या दिवशी येणारा ताप मला चांगला ओळखता येतो. पुढची हकीकत मात्र तिथल्या फलकांपेक्षा आपल्याला जास्त जवळची. एवढा मोठा पराभव पदरात असलेला हा माणूस पाचच वर्षांत हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला आणि 1792 साली श्रीरंगपट्टणला आपल्या हरिपंत फडक्यांच्या फौजेसोबत टिपूसमोर उभा राहिला. तिकडे शरणागती, इकडे बढती. खात्यात असं होतंच.

यॉर्कटाउन, विल्यम्सबर्ग आणि जेम्सटाउन यांना जोडणारा रस्ता सदतीस किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ मनमाड-मालेगाव. त्यावर ट्रकला बंदी. दोन्ही बाजूंना नुसती झाडी. ही बराच वेळ खिडकीतून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, टँकर कसा नाही दिसला एकही?" पानेवाडीच्या तेल डेपोंमुळे आमच्याकडे रस्ता म्हटलं की टँकर आलाच. लाखो लिटर पेट्रोल गावाच्या उशाशी साठवलेलं, आणि नळाला पाणी कधी येणार हा मात्र पंचांग बघून सांगण्याचा विषय.

पहिलं जेम्सटाउन देखणं निघालं. उभ्या ओंडक्यांच्या कुंपणाचा किल्ला, शाकारलेली घरं, धक्क्याला 'सुझन कॉन्स्टंट', 'गॉडस्पीड' आणि 'डिस्कव्हरी' या तीन जहाजांच्या प्रतिकृती. सगळं नव्यानं बांधून जुनं केलेलं. जुन्या वेषातली एक बाई लोखंडी भांड्यात मक्याचं काहीतरी ढवळत होती. हिनं वाकून पाहिलं आणि मला हळूच सांगितलं, "कण्याच आहेत. खाली लागणार, आच फार आहे." चारशे वर्षांचा इतिहास हिनं एका वाक्यात चुलीवर आणून ठेवला.

खरं जेम्सटाउन थोडं पलीकडे, नदीतल्या बेटावर. तिथे बघायला फारसं काही नाही, आणि त्यामुळेच मी तिथे जास्त रमलो. 1607 चा किल्ला नदीनं कधीच गिळला, असंच लोक धरून चालले होते. 1994 साली विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञानं खणायला घेतलं, तेव्हा कुंपणाचा माग सापडला. खांब कुजून गेले होते, पण जिथे ते रोवले तिथली माती काळपट राहिली होती. त्या डागांवरून किल्ल्याचा त्रिकोण पुन्हा आखता आला. आमच्या वाड्यातली तुळई गेली, तरी भिंतीवर तिची खूण राहिली आहे, ते आठवलं.

ही जागा निवडली लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या माणसांनी. काठालाच पाणी खोल, त्यामुळे जहाज थेट झाडाला बांधता येई, आणि स्पॅनिश लोकांपासून बेट सांभाळायलाही सोपं. सगळा विचार झाला होता. प्यायच्या पाण्याचा तेवढा राहिला. उन्हाळ्यात नदी मचूळ होई. त्यात भर दुष्काळात हे लोक उतरले, हे आता तिथल्या जुन्या झाडांच्या वाढीच्या कड्यांवरून कळलंय. आलेल्या 104 जणांपैकी पुढच्या जानेवारीपर्यंत 38 उरले.

पाण्याचं वाचून मला आधी हसू आलं. आमचं मनमाडही कंपनीनंच वाढवलेलं. 1861 च्या सुमारास जीआयपी रेल्वेचे रूळ आले, 1878 ला दौंडचा फाटा निघाला, नंतर निजामाच्या मुलखातून मीटरगेज येऊन भिडली. मोठी गाडी आणि छोटी गाडी यांचे रूळ जुळत नव्हते, म्हणून माणसं आणि पोती इथे उतरत, आणि त्या न जुळण्यावर गाव पोसलं. तिथेही सगळा विचार झाला होता. मग 38 हा आकडा पुन्हा वाचला आणि हसू ओसरलं.

उरलेले जगले कसे? मूळच्या पोव्हाटन लोकांच्या मक्यावर. कधी तो मणी-तांब्याच्या बदल्यात मिळवला, कधी धाक दाखवून. ज्यांनी खाऊ घातलं, त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या. 1619 साली याच वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेली विसाहून थोडी जास्त माणसं उतरवली गेली. फलकांवर हे सगळं आहे. देखण्या जेम्सटाउनमधल्या कण्यांची चव मला तिथे लागली.

किल्ल्याच्या आत खोदून काढलेल्या एका विहिरीपाशी आम्ही थांबलो. पाणी बिघडलं की हे लोक विहिरीत कचरा टाकून ती बुजवत आणि दुसरी खणत. संशोधकांना मात्र त्याच कचऱ्यात खजिना सापडला. ही आत डोकावत असतानाच तिचा फोन वाजला. दुपारचे साडेबारा, म्हणजे तिकडे रात्रीचे दहा. शेजारच्या वहिनी होत्या. पाठीमागे बादल्यांचा आवाज.

"वहिनी, नळ आले! तुमची टाकी भरून ठेवू का?"

"भरा, भरा. आणि मागच्या दारातलं टिपाडही."

मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, तुम्ही दोन महिन्यांनी जाणार. तोवर ते पाणी काय करायचंय?"

"आम्हाला कशाला?" ही म्हणाली. "मध्ये त्यांचं संपलं तर घेतील की."

फोन पर्समध्ये ठेवून तिनं पुन्हा एकदा विहिरीत पाहिलं आणि विचारलं, "यांना शेजार कसा होता म्हणालात?"