घंगाळातली पर्वणी

“लहान बदकं हवीत,” असं मी निफाडकडच्या त्या बदकवाल्याला सांगितलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे मोठ्या करुणेनं पाहिलं. “लहानपणी सगळीच लहान असतात, काका,” म्हणाला आणि सहा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं माझ्या पिशवीत ठेवली. खरं तर आदल्या हिवाळ्यात नातीला घेऊन नांदूर मध्यमेश्वरला गेलो, तिथंच या प्रकरणाचं मूळ. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ती पहिली पाणथळ जागा. दुर्बिणीतून चक्रवाक आणि इतर बदकं पाहून झाल्यावर नात म्हणाली, “यातलं एक घरी नेऊ या.” सरकारी पाहुणे घरी नेता येत नाहीत, हे समजावता समजावता पाळीव बदकांचं वचन माझ्या तोंडून निसटलं. तिनं मग मोबाईलवर ओंजळीत मावणारी कॉल डक शोधून काढली. माझ्या पिशवीत आली ती मात्र खाकी कॅम्पबेल.

ही मोठी कर्तबगार जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ॲडेल कॅम्पबेल नावाच्या बाईंनी तिचा पाया घातला. वर्षाला ३०० च्या घरात अंडी देते, पण अंड्यांवर बसायचंही असतं, हे बहुतेक विसरून गेली आहे. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला घरात बसायला सवड कुठून? तेव्हा अंडी बदकाची आणि बैठक कोंबडीची, असा करार ठरला. आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या शेजारच्या मावशींकडे एक कोंबडी नेमकी खुडूक झाली होती. खुडूक कोंबडीसारखं वैराग्य मी गोदाघाटावरसुद्धा फारसं पाहिलेलं नाही. दाणा नको, पाणी नको, हिंडणं नको. कुणी जवळ गेलं की अंग फुलवून नुसतं गुरगुरायचं. गुरुपौर्णिमेच्या संध्याकाळी भुसा अंथरून अंडी मांडली, तिला वर बसवलं आणि डालगं पालथं घातलं.

कोंबडीच्या रक्तातलं पंचांग २१ दिवसांचं. बदकाच्या अंड्याला २८ लागतात. हा हिशेब तिला कुणी सांगायचा? आठव्या रात्री टॉर्चच्या उजेडात अंडी धरून पाहिली. दोन कोरीच निघाली. बाकीच्या चारांत नकाशातल्या नद्यांसारख्या तांबड्या रेघा उमटल्या होत्या. नागपंचमी झाली, एकविसावा दिवस उजाडून मावळला, अंडी मख्ख. निकाल राखून ठेवलेल्या मुलाच्या आईसारखी ती मान वाकडी करून अंड्यांकडे बघे, इकडेतिकडे बघे आणि पुन्हा बसे. आता ही उठून जाते, या धास्तीनं मीच रात्री दोनदा उठून बघत होतो. ती गेली नाही. तो जादा आठवडा तिनं बिनपगारी काढला. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी तीन पिल्लं बाहेर आली. चौथं अंडं तसंच राहिलं. त्याच्यावर ती आणखी एक दिवस बसली.

पौर्णिमेच्या सकाळी, कोळीवाड्यांतून होड्या समुद्रात उतरायच्या मुहूर्तावर, पिल्लांनी आमच्या अंगणातलं घंगाळ शोधून काढलं. हे घंगाळ पंचवटीतल्या जुन्या वाड्यातलं, पितळी, दोन बाजूंना कड्या असलेलं. वाडा गेला, न्हाणीघर गेलं, बंब मोडीत गेला. घंगाळ तेवढं पावसाचं पाणी साठवत राहिलं. पिल्लं कडेला ठेवलेल्या विटेवरून टुपकन पाण्यात. कोंबडीनं जो आकांत मांडला, तो ऐकून मावशी कुंपणापाशी आल्या. “अहो, काढा त्यांना आधी! भिजतील.”

बदक भिजेल, या कल्पनेचं मला हसू आलं. पाच मिनिटांत ते मावळलं. पिल्लं खरंच भिजली होती. लव अंगाला चिकटून थरथरत होती. फडक्यात घेऊन त्यांना बल्बखाली शेकलं, तेव्हा ती पुन्हा फुलली. मग कळलं, पाण्यात कोरडं राहणं ही पिल्लाची स्वतःची कमाई नसते. मोठ्या बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते. पिल्लं आईच्या पंखाखाली शिरतात, तेव्हा तिच्या पिसांवरचं तेल त्यांच्या लवेला लागतं. स्वतःचं तेल पुरेसं व्हायला काही आठवडे जातात. तोवर कोरडेपण उसनं. कोंबडीनं ऊब दिली, जादा आठवडा दिला, पण तळ्याच्या कामाचं तेल तिच्यापाशी नव्हतं. मला या घंगाळापाशी पाटावर उकिडवा बसलेला मी आठवलो. पाठीवर आईचा तळवा, कोमट तेल, आणि “हलू नकोस रे” हे तिचं पालुपद. थंडी नाशिकची असे, पण पहिल्या तांब्याचं पाणी पाठीवरून मोत्यांसारखं ओघळून जाई. ते पाण्याचे गुण आहेत, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.

पिसं आली तशी बदकांची शिस्तही आली. रोज सकाळी सातला तिघं एका रांगेत डुलत निघतात. सिंहस्थात रामकुंडावर वैष्णवांच्या तीन अनी स्नानाला निघतात, त्या थाटात. पुढं कोण, मागं कोण, यावरून इथंही कुरबुर होते. फरक इतकाच, की गुरू सिंह राशीत यायला बारा वर्षं लागतात आणि आमच्याकडे पर्वणी रोज. स्नानोत्तर चिखलात लोळण्याचा विधी कुठल्या आखाड्याचा, ते मला ठाऊक नाही. मराठीनं ‘बदक’ हा शब्द नपुंसकलिंगी करून आम्हाला बरेच दिवस सांभाळून घेतलं. पुढं दोघींनी ‘क्वॅक’ करून सारी आळी उठवली, आणि तिसऱ्याचा आवाज घसा बसल्यासारखा निघून शेपटीवरचं एक पीस कुरळं झालं, तेव्हा कुठं व्याकरण सुटलं. कोंबडी अजून स्नानाच्या वेळी घंगाळापाशी येऊन उभी राहते. ओरडत मात्र नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे मी तेलाची वाटी घेऊन अंगणात बसलो होतो. आकाशकंदिलाच्या उजेडात तिघं घंगाळातून बाहेर आली. कुरळ्या शेपटीच्या त्यानं मान पार मागं वळवली, शेपटीच्या बुडाशी चोच टेकवली आणि सावकाश, एकेक पीस घेत, सारी पाठ माखून काढली. मीही हात माखले, पाय माखले. खांद्यावरून हात मागं टाकला, कमरेकडून वर नेला. मधली तळव्याएवढी जागा काही केल्या हाताला लागेना. शेवटी वाटी बाजूला ठेवली आणि तांब्या उचलला.

पाणी सगळीकडून ओघळून गेलं. तेवढी जागा भिजली.