बफेलोतली खंडेनवमी

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला आम्ही राहतो. शेजार ईरी सरोवराचा. हिवाळ्याच्या तोंडाला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं. त्याच्या लांबीवरून गार वारा वाहत येतो, वाफ गोळा करतो आणि सगळी आमच्या अंगणात ओततो. २०२२ च्या नोव्हेंबरात एकाच वादळात ऑर्चर्ड पार्कला सुमारे ८० इंच बर्फ पडला. माझी उंची, बूट धरून, ६६.

एवढं असूनही आमचा स्नो ब्लोअर एप्रिलपासून गॅरेजमध्ये, सायकलींच्या आड, भिंतीकडे तोंड करून उभा होता. आधीच्या मालकानं तो मला स्वस्तात का दिला, हे मला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याला बाहेर ओढला. तेल बदललं, नवा प्लग बसवला, दोरी ओढली. पुन्हा ओढली. विसाव्या ओढीला आवाज आला, पण तो माझ्या खांद्यातून.

तेवढ्यात पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल. तिथं खंडेनवमी. पाटावर पक्कड, पाने, स्क्रूड्रायव्हर आणि आईचा अडकित्ता झेंडू वाहून मांडलेले. मागे स्कूटरच्या हँडलला हार.

"पेट्रोल कधीचं आहे?" बाबांनी विचारलं.

"मार्चचं."

"मार्चची आमटी खाशील का?"

बाबांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो उसाच्या रसात. पण इंजिन म्हटलं की त्यांना देशाची सीमा नसते. "चोक दे. नाही? मग जरा तिरकं कर." त्यांची स्कूटर तीस वर्षं याच उपायावर चालली. माझं यंत्र माझ्याहून जड. ते तिरकं झालं असतं तर खाली मीच सापडलो असतो. हे ऐकून ते जरा हिरमुसले आणि मग कार्बोरेटरवर आले. टाकीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट साय धरते आणि जेटचं केसाएवढं भोक बुजतं. वाटी काढली, तर आत काकवी. जेट साफ करायला मी ऑनलाइन ब्रश शोधू लागलो. "सायकलच्या ब्रेक केबलची एक तार काढ," बाबा म्हणाले. मुलाची सायकल जवळच होती. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग पाती तपासली. तिथं दोन शिअर पिना असतात, मुद्दाम कच्च्या. बर्फात वीट अडकली की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. आधीच्या मालकानं एका जागी चांगला दणकट बोल्ट ठोकलेला! जुगाड हा शब्द त्याला ठाऊक नसेल, पण हात आपलाच वाटला. तो काढून नवी पिन घातली.

"आधी फूल वाहा," मागून आई. कुंडीत गारठ्यातून वाचलेला एकच झेंडू होता. तो पात्यांवर ठेवला, नवं पेट्रोल भरलं, चोक दिला, दोरी ओढली. पहिल्या ओढीत धडधड! पुण्यात टाळ्या.

"आता पाती फिरवून बघ," बाबा म्हणाले, आणि आनंदाच्या भरात मी दट्ट्या दाबला.

झेंडू आत गेला, नळीतून वर आला आणि शेजाऱ्यांच्या नुकत्या धुतलेल्या गाडीवर पाकळी-पाकळी होऊन उतरला.

"किती लांब गेलं रे?"

"वीस-एक फूट."

बाबांनी समाधानानं मान हलवली.

"हळदकुंकू मात्र वाहू नकोस," आई म्हणाली.