ते सगळं भाचा बघतो

छोट्या धंद्याच्या कुठल्याही मालकाला विचारा, "तुमचं इन्स्टाग्राम कोण सांभाळतं?" सराफ असो, मिसळवाला असो, पापड-मसाले करणाऱ्या काकू असोत, उत्तर ठरलेलं: "ते सगळं भाचा बघतो." हा भाचा कधी पुतण्या असतो, कधी शेजारणीचा मुलगा, एखाद्या ठिकाणी होणारा जावईसुद्धा असतो. पण पद भाच्याचंच. पगार नाही, जबाबदारी नाही, चहा मात्र दर तासाला.

मी जवळून बघितलेला भाचा नाशिकच्या भांडी बाजारातला. मामांचं दुकान तांब्या-पितळेचं. स्टीलही आहे, कारण खपतं तेच. भाचा इंजिनीअर. बायोमध्ये 'डिजिटल स्ट्रॅटेजिस्ट'. मामांना स्ट्रॅटेजी कळत नाही, पण पोरगं दिवसभर मोबाईलमध्ये बघतंच आहे, तर दुकानासाठी बघू दे, असा त्यांचा सरळ हिशेब.

भाच्याने आल्या आल्या कंटेंट कॅलेंडर केलं. गुगल शीटमध्ये वर्षाचे सगळे दिवस मांडले. सण लाल, रील पिवळं, 'एज्युकेशनल' हिरवं, मीम निळं. रिकामा रकाना दिसला की तो कासावीस होतो आणि जगभरचे दिन गोळा करायला लागतो. २० मार्चला चिमणी दिन: गच्चीत पाण्याची वाटी ठेवा (वाटी आमच्याकडे मिळेल). २१ मेला चहा दिन, त्यात किटली. ३ मार्चला वन्यजीव दिन, तेव्हा कढईशेजारी एक वाघ उभा केला होता. दोघांचा संबंध काय, हे वाघालाही कळलं नसावं. ८ मार्चला कुकरच्या फोटोवर 'तिच्या कर्तृत्वाला सलाम' आणि खाली दहा टक्के सूट. मामीने ती पोस्ट नीट वाचली आणि म्हणाली, "सलाम राहू दे. जेवलास ते ताट उचल."

कोणी मोठं माणूस गेलं की भाचा बाकी सगळं सोडून धावतो. दहा मिनिटांत पोस्टर तयार: वर भावपूर्ण श्रद्धांजली, मध्ये गेलेल्या माणसाचा फोटो, आणि खाली त्या फोटोहून ठसठशीत अक्षरांत 'स्टील, पितळ, तांबे. होलसेल व रिटेल'. मराठी भाषा गौरव दिनाला त्याने 'हार्दीक शुभेच्छा' दिल्या, दीर्घ दी काढून. गल्लीतल्या निवृत्त बाईंनी कमेंटमध्ये चूक दाखवली, त्यावर दोघांनी बाईंशी वाद घातला, तिसऱ्याने पाणिनी काढला. मामा ओशाळले. भाचा खूश. "मामा, एवढी एंगेजमेंट वर्षात आली नव्हती!"

या शीटची खरी परीक्षा २०२३ च्या पावसाळ्यात झाली. १७ जुलैच्या रकान्यात जागतिक इमोजी दिन होता. त्यासाठी भाच्याने पितळी डब्यांना डोळे आणि हसरी तोंडं चिकटवून ठेवली होती. १८ तारखेला अधिक श्रावण लागला. शीटमध्ये त्याचा पत्ताच नव्हता. मामांच्या दुकानात मात्र पहिल्याच दिवसापासून उभं राहायला जागा उरली नाही. जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे ठेवायला ताट हवं, वर दीपदानाला दिवा हवा. सासवा टोळीने येत होत्या आणि समोर दिसेल ते निरांजन उचलत होत्या. "हे आधी सांगायचं ना," भाचा म्हणाला. मामांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. तिथे दुधाच्या खाड्यांच्या शेजारी चांगलं छापलेलं होतं.

मामांचं स्वतःचं कंटेंट कॅलेंडर दाराच्या दोरीला टांगलेलं असतं. संक्रांतीच्या आधी तिथे लुटायच्या वाट्या-डब्या डझनावर येतात. ऊन तापलं की कुरडयांचा सोऱ्या, लग्नसराईत घंगाळ, श्रावणात ताम्हण-पळी, भाद्रपदात मोदकपात्र. दसरा झाला की झारा आणि शंकरपाळ्याचं कातणं. पितृपक्षात दोरी निम्मी रिकामी. भाच्याने नेमकं त्याच पंधरवड्यात 'न्यू अरायव्हल्स' टाकलं होतं. सिंहस्थाची तयारीही दोघांनी आपापल्या परीने केली: भाच्याने शीटमध्ये 'कुंभ' नावाची नवी टॅब उघडली आणि मामांनी गंगाजलाच्या तांब्याच्या गडूंची ऑर्डर देऊन टाकली. मागचा सिंहस्थ २०१५ चा. तेव्हा भाचा शाळेत होता आणि मामा याच गल्ल्यावर होते.

तरी मामा समंजस. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. भाच्याने समजावलं, "पहिल्या तीन सेकंदांत हूक पाहिजे. नाहीतर लोक पुढे सरकवतात. म्हणा: 'थांबा! तुम्ही चुकीची कढई वापरताय!'" मामांनी ते एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं, की दारातली बाई हातातली कढई खाली ठेवून निघून गेली. दुसऱ्या वेळी मामा आपल्या पद्धतीने बोलले: "राम राम. ही कढई. जाड बुडाची."

"मामा, चार सेकंद झाले. तीस पाहिजेत."

"आणखी काय सांगू? कढई आहे."

पुढे गाणं अडलं. बिझनेस अकाउंटला ट्रेंडिंग गाणी सगळी मिळत नाहीत, म्हणून भाच्याने खात्याचा प्रकार बदलला आणि वर्ग निवडताना 'कलाकार'वर बोट ठेवलं. तेव्हापासून मामांच्या दुकानाच्या नावाखाली कलाकार असं येतं. मामी ओळखीपाळखीच्यांना ते आवर्जून दाखवते.

किमतीवरून मात्र मामा चिडले. समईच्या फोटोखाली बायका विचारत होत्या, 'पीपी', आणि भाचा प्रत्येकीला उत्तर देत होता, 'ताई, डीएम केलंय.'

"पीपी म्हणजे काय रे?"

"प्राइस प्लीज."

"मग सांग ना भाव."

"असा उघड नाही सांगायचा, मामा. लोकांनी मेसेज केला की रीच वाढतो."

"अरे, दुकानात बाई भाव विचारते, तेव्हा मी तिला कोपऱ्यात नेऊन कानात सांगतो का?"

यावर कुठल्याही स्ट्रॅटेजिस्टकडे उत्तर नसावं. मलाही मामांचंच पटतं. समईचा भाव मागायला तीन मेसेज आणि एक 'हाय डिअर' लागत असेल, तर माणूस समई न घेता निजतो.

हा भाचा एकट्या मामांचा नसतो, हेही ध्यानात घ्यायला हवं. गल्लीतला सराफ, पलीकडचा मिसळवाला आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, सगळ्यांच्या पोस्टी तो रविवारी रात्री एका बैठकीत लावून ठेवतो. एका सोमवारी भांड्यांच्या पानावर प्रश्न झळकला: 'तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं का?' खाली दुकानाचा पत्ता. दोन माणसं चौकशीला आली. मामांनी त्यांना तांब्याची जीभघासणी विकली. धंदा रक्तात असतो तो असा.

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की मामा-भाच्यातला फरक लख्ख दिसतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, की मामा खालच्या फळीवरची पातेली वर चढवायला घेतात आणि भाचा मोबाईल घेऊन खाली उतरतो. मामांच्या मते त्याला वर्षात सर्वांत जास्त बघितलं जातं ते याच दिवशी, आणि विक्री शून्य होते तीही याच दिवशी.

पण एक रील खरंच चाललं. गल्लीत कल्हईवाला बसला होता. भाता, नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या पितळेवर कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवलेला हात, आणि काळ्या पातेल्यात एका झटक्यात उमटलेली चांदीसारखी चकाकी. भाच्याने या वेळी ना हूक टाकला ना गाणं. बहुधा धुराने खोकला आल्यामुळे. लाखाच्या वर लोकांनी बघितलं. त्यातले बरेचसे अशा गावांतले, जिथून भांडी बाजारात कोणी येणार नाही. पण पुण्याहून एक जोडपं आलं. त्यांना कॅफे काढायचा होता. मोबाईल पुढे करून मुलगी म्हणाली, "काका, हेच पातेलं हवंय. अशीच सहा."

मामांनी चष्मा वर केला. पातेलं दुकानातलं नव्हतंच. दुकानातल्या मालावर स्टिकर असतात, फोटोला बरं दिसत नाही, म्हणून भाच्याने मामीच्या स्वयंपाकघरातलं उचललं होतं. काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेलं मामीच्या वडिलांचं नाव, आणि पुढे 'यांजकडून चि. सौ. कां. हीस लग्नानिमित्त सप्रेम भेट'.

"नवीन घ्या ना," मामा म्हणाले, "जाड आहेत. नाव घालायचं मशीन इथेच आहे, तुमचं नाव घालून देतो."

"नाही काका, आमचं नाव नको. हेच नाव हवंय. सहाच्या सहांवर. तीच तर व्हाइब आहे."

मामा गप्प झाले. सासऱ्यांचं नाव सहा अनोळखी पातेल्यांवर घालायचं, आणि तेही कुणाचं लग्न नसताना. भाच्याने तोवर शीट उघडून पिवळ्या रकान्यात 'हेरिटेज सिरीज, भाग १' लिहूनही टाकलं होतं. मामांनी आत बघून हाक मारली. मामी पदराला हात पुसत बाहेर आली, मुलीच्या मोबाईलमध्ये आपलं पातेलं बघितलं, वडिलांचं नाव दोन बोटांनी मोठं करून वाचलं आणि मामांना म्हणाली,

"घाला. पण भांडं किलोवर, नाव वेगळं."