अभिप्राय अवश्य कळवा

‘अभिप्राय अवश्य कळवा’ असं कुठेही छापलेलं दिसलं की माझा हात खिशातल्या पेन्सिलीकडे जातो. इतरांना ते नुसतं सौजन्य वाटतं. मला नेमणूक वाटते. माझी हुकमत दोन विषयांवर: ऐतिहासिक कादंबऱ्या आणि सहल कंपन्या. मागणीही माफक. कादंबरीत मावळ्यांनी मुसळधार पावसात उपाशीपोटी कूच केलं पाहिजे आणि सहलीत मला पहाटे पाचला कडकडीत गरम पाणी मिळालं पाहिजे.

या दोन खात्यांची गल्लत झाली की काय होतं, ते शनिवारवाड्यावर बघावं. “आत काहीच नाही,” म्हणत लोक दिल्ली दरवाजातून बाहेर पडतात. आतला वाडा 1828च्या आगीत जळाला, उरली जोती आणि तटबंदी. पण मंडळी आलेली असतात ‘बाजीराव मस्तानी’तला आरसेमहाल शोधत. तिकिटाचे पैसे परत मागत नाहीत, एवढीच पेशव्यांवर मेहेरबानी.

माझे खरे समानधर्मी भेटतात ते वाचनालयाच्या पुस्तकांत, समासात. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ 1988ची. आमच्या वाचनालयाच्या प्रतीत तेव्हापासून लोक सदाशिवरावभाऊंना सल्ले देतायत. बायकामुलं आणि जड तोफा मागे ठेवा, असं सूरजमल जाट सांगतो तिथे कुणीतरी “ऐका हो त्याचं!” असं इतक्या कळकळीने लिहिलंय की पेन्सिलीचं टोक मोडून कागदाला भोक पडलंय. जणू लढाईची 14 जानेवारी 1761 अजून उजाडायचीच आहे. त्याखाली दुसरं अक्षर: “तुम्ही होतात का तिथे?” त्याखाली निळ्या शाईत, ठसठशीत: “ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये.”

माधवराव पेशव्यांवरच्या ‘स्वामी’त तर त्यांचे चुलते राघोबादादा आले की समास काळा होतो. “असला चुलता वैऱ्यालाही नको,” असं एकाने लिहिलंय. शेजारी दुसऱ्याने: “आमचेही असेच. सातबारा दाखवतो.” पुढच्या पानावर गट नंबरही आहे. कादंबरी संपता संपता माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती जातात, त्या पानावर मात्र फक्त माझा अभिप्राय आहे: “अप्रतिम!!” खाली सही आणि तारीख. पुढच्या पिढ्यांची सोय.

अशा अधिकारी माणसाची बस अष्टविनायकाच्या वाटेवर थेऊरला थांबली आणि मॅनेजर म्हणाला, “वीस मिनिटं!” वीस मिनिटांत मी प्रस्तावनाही संपवत नाही. चिंतामणीला घाईघाईने हात जोडून मी रमाबाईंच्या वृंदावनापाशी उभा राहिलो आणि आवाज लावला. माधवरावांचा मृत्यू, 18 नोव्हेंबर 1772, क्षय, इथेच थेऊरला. मग ‘स्वामी’, रणजित देसाई, 1962, अकादमी पुरस्कार, दूरदर्शनची मालिका, रवींद्र मंकणी, मृणाल देव. मालिकेपर्यंत पोचलो तेव्हा श्रोते उसाच्या रसाकडे वळले होते. उरल्या एक काकू. त्यांचे गुडघे दुखत होते.

“किती वर्षांचा होता हो?”

“सत्तावीस.”

“आणि ही?”

“त्याहून लहान.”

“म्हणजे माझ्या नातीएवढी. भाजी चिरताना बोट कापलं तर घर डोक्यावर घेते ती.” काकू वृंदावनाकडे बघत राहिल्या. “मोठी माणसं असतील ना हो तेव्हा इथे? एकानेही धरून ठेवलं नाही पोरीला?”

माझ्याकडे उत्तरं होती. निष्ठा, काळ, रूढी, सगळी पाठ. त्या उन्हात एकही तोंडातून फुटेना. आणि मला राग आला. पुस्तकाचा नव्हे, आम्हा वाचकांचा. भाऊंनी सूरजमलचं ऐकावं म्हणून आम्ही पेन्सिली मोडल्या, राघोबाला शिव्या घातल्या, पण चितेकडे निघालेल्या पोरीला “थांब ग” म्हणावं असं समासात कुणालाच सुचलं नाही. तिथे आम्ही सगळे फक्त पोटभर रडलो.

एवढ्यात हॉर्न वाजला.

परतीच्या वाटेवर फॉर्म वाटले गेले: चहा, निवास, वाहन, एकूण समाधान. मी जादा कागद जोडला. ओझरची उशी, खिचडीतला बटाटा, थेऊरला दिलेला अपुरा वेळ, सगळं मुद्देसूद, पाठपोट. काकूंचा चष्मा डिकीतल्या बॅगेत राहिला होता, म्हणून त्यांचाही फॉर्म मीच भरला.

“लिहा, खिचडीत कूट कमी. ड्रायव्हर गुणी.”

“थेऊरबद्दल?”

“गणपती छान. पण मला नाही परत यायचं तिथे.” मग घाईने म्हणाल्या, “हे नका लिहू हं. त्या मॅनेजर पोराचा पगार कापतील उगाच.”

मॅनेजरने काकूंचा फॉर्म माइकवरून वाचून दाखवला. ड्रायव्हरसाठी टाळ्या पडल्या. माझा कागद त्याने वजन केल्यासारखा हातात धरला, चार घड्या घातल्या आणि मोरगावपासून खडखडणाऱ्या त्याच्या खिडकीच्या फटीत ठोकून बसवला. पुण्यापर्यंत ती काच हूं की चूं न करता आली. माझ्या अभिप्रायाची इतकी तातडीने दखल आजवर कुणीही घेतली नव्हती.