आर्क्टिकवासी गोवंडीकर

मुंबईच्या हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकाच्या दक्षिणेला टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा वाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही आहे. उत्तरेला बैंगनवाडी आहे, शिवाजीनगर आहे आणि १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारी देवनारची क्षेपणभूमी आहे, जिला तिथले सगळे नुसते 'डम्पिंग' म्हणतात. त्यामुळे रुळांच्या एका अंगाला प्रश्न विचारणारे आणि दुसऱ्या अंगाला उत्तरे देणारे, अशी श्रमविभागणी या परिसरात कित्येक वर्षे सुखाने नांदत आली आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात महापालिकेचा एम-पूर्व विभाग, म्हणजे गोवंडी-मानखुर्दचा विभाग, शहरात तळाला असल्याची नोंद झाली, आणि मग तर ज्या घरात नळाला पाणी कधी येईल याची शाश्वती नाही, त्या घरातही प्रश्नावली मात्र नेमाने येऊ लागली.

उत्तरेला राहून दक्षिणेकडचे काम मागणारा जो एक सामाजिक प्रकार या परिसरात आता स्थिरावला आहे, त्याचे वर्णन येथे करावयाचे आहे. तो राज्यशास्त्राचा एम.ए. असतो, पंचविशी ओलांडून तिशीकडे झुकलेला असतो, आणि त्याला आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पीएच.डी. करावयाची असते, परंतु अधिछात्रवृत्तीसह, म्हणजे संशोधन करणाऱ्याला दरमहा जी रक्कम मिळते ती हातात घेऊन. ही अट लोभापोटी घातलेली नसते. घरात मिळवते हात दोन आणि खाणारी तोंडे सहा असली, की बिनपगारी ज्ञानसाधना हा श्रीमंतांचा छंद ठरतो, हे त्याला कोणत्याही सिद्धान्ताशिवाय कळते. (या प्रकारात मुलीही असतात व त्यांचे अर्ज अधिक नेटके असतात, मात्र 'स्थळ' नावाची आणखी एक अंतिम मुदत त्यांच्या मागे असल्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्र प्रकरणातच करणे योग्य होईल.)

या प्रकाराची पहिली ओळख 'नेट'पासून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत तीन तासांत १५० प्रश्न सोडवायचे असतात, आणि वरच्या श्रेणीत उत्तीर्ण होणाऱ्याला 'जेआरएफ', म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये आहे. ज्याला ती मिळते त्याची 'जेआरएफ निघाली' असे म्हणतात, जणू ती लॉटरीच असावी. आणि ज्याची नुसतीच नेट निघते, तो सहायक प्राध्यापक होण्यास पात्र ठरतो, परंतु भरती निघत नसल्याने त्याची पात्रता फ्रेममध्ये बसवलेल्या प्रमाणपत्रासारखी भिंतीवर राहते. १८ जून २०२४ ला झालेली परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द झाली, तेव्हा देशभरचे लाखो उमेदवार हवालदिल झाले. आमचे गोवंडीकर मात्र त्या रात्री गाढ झोपले, कारण त्यांचा दुसरा पेपर अवघड गेला होता.

नेटव्यतिरिक्तही मार्ग आहेत आणि ते सर्व त्याला तोंडपाठ असतात: बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून केंद्राने बंद केली, तेव्हा या वस्तीतील मुसलमान आणि बौद्ध अर्जदारांमध्ये अचानक असे ऐक्य निर्माण झाले, की त्याचाच कोणी अभ्यास करावा. जातीचा दाखला, 'व्हॅलिडिटी', 'नॉन-क्रिमीलेअर', अधिवास आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला यांची फाइल तो इतक्या जिवापाड जपतो, की पावसाळ्यात घरात पाणी शिरले तर आधी ती माळ्यावर जाते आणि मग शिलाई मशीन.

दुसरे लक्षण मार्गदर्शकाच्या शोधाचे. आयोगाच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. म्हणजे आधीचा कोणी प्रबंध सादर केल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. याचा परिणाम असा, की गोवंडीहून कुर्ला आणि तेथून शेअर रिक्षाने मुंबई विद्यापीठाचे कलिना संकुल गाठणारा हा अर्जदार तिथे स्वतःबद्दल फारसे बोलत नाही. कोण्या अनोळखी संशोधकाचे शेवटचे प्रकरण कुठवर आले, त्याच्या घरी सर्व कुशल आहे ना, याचीच तो आस्थेने चौकशी करतो. दुसऱ्याच्या प्रगतीविषयी इतकी निर्मळ तळमळ असणारा माणूस महाराष्ट्राच्या शैक्षणिक जगात अन्यत्र क्वचितच आढळेल.

या प्रकाराचा खरा गाभा मात्र त्याच्या विषयात आहे. हा मनुष्य पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात, टेबल फॅन स्वतःकडे वळवून आर्क्टिकचे राजकारण अभ्यासतो. ऐकणारा हसतो; परंतु त्यात हसण्यासारखे काहीच नाही, हे तो तत्काळ पुराव्यानिशी सिद्ध करतो. स्वालबार्ड बेटांवर नॉर्वेचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या १९२० च्या करारात ब्रिटिश साम्राज्यातर्फे भारताचेही नाव होते. २००८ मध्ये तेथे 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन केंद्र उघडले, ज्याचा कारभार आपल्या गोव्यातील वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून चालतो. आणि उत्तर ध्रुवालगतच्या आठ देशांच्या आर्क्टिक परिषदेत भारत २०१३ पासून निरीक्षक आहे. निरीक्षक म्हणजे ज्याला बैठकीत बसता येते पण मत देता येत नाही असा देश, आणि ही स्थिती घरातल्या धाकट्या मुलाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्याचे दुर्दैव एवढेच, की मार्च २०२२ मध्ये भारताने आपले आर्क्टिक धोरण जाहीर केले आणि त्याच महिन्यात युक्रेनवरील आक्रमणामुळे परिषदेतील इतर सात देशांनी रशियाबरोबर बसणे थांबवले, त्यामुळे नुकताच टाइप करून आणलेला त्याचा संशोधन आराखडा झेरॉक्सच्या दुकानातून घरी येईपर्यंत जुना झाला.

मुलाखतीत मात्र युक्रेनविषयी कोणी विचारत नाही. समितीतील एक सज्जन सदस्य अर्जावरचा पत्ता पाहतात, चष्मा काढतात आणि अत्यंत कनवाळू स्वरात सुचवतात, की तुम्ही गोवंडीचेच आहात तर डम्पिंगवर का करत नाही, तुम्हाला तिथला 'ॲक्सेस' आहे. ॲक्सेस म्हणजे क्षेत्रात सहज प्रवेश मिळण्याची सोय. ती ज्याला जन्मतःच मिळालेली असते त्याला तिचे कौतुक कमीच असते. मलबार हिलच्या अर्जदाराला मलबार हिलवर प्रबंध लिहिण्याचा सल्ला देण्याची पद्धत नाही. तो आर्क्टिकवर लिहितो, लॅटिन अमेरिकेवर लिहितो आणि वेळ उरला तर गोवंडीवरही लिहितो. या ठिकाणी आमचा अर्जदार, जो एरवी 'सर' या शब्दाशिवाय वाक्य सुरू करत नाही, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला काढतो. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे सरकारने त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, बदल्यात संस्थानाच्या नोकरीचा करार लिहून घेतला. आणि तरीही कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रबंध लिहिला तो ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. तो १९२५ मध्ये लंडनला छापला गेला आणि छापील प्रती दाखल झाल्यावर, १९२७ मध्ये, पदवी मिळाली. म्हणजे अनुदान देणाऱ्याने माणूस बांधून घेतला, पण विषय बांधून घेतला नाही. यावर समितीत क्षणभर शांतता पसरते, नंतर सर्वजण 'फार छान' असे म्हणतात, आणि यादीत त्याचे नाव प्रतीक्षेत लागते.

घरचे परराष्ट्र धोरण याहून कठीण असते. साताऱ्याचे मामा एमपीएससीचा आग्रह धरतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार असे विचारल्यापासून तर मामांना आपल्या भूमिकेस सरकारी मान्यता लाभल्यासारखे वाटते. वडिलांचे धोरण मौनाचे, म्हणजे अलिप्ततेचे असते. आईला पटवण्यासाठी मात्र त्याच्याकडे एकच हुकमी अस्त्र असते, ते असे की नॉर्वेत पीएच.डी. करणारा विद्यार्थी नसून विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. "मग तिथंच भर की फॉर्म," असे आई म्हणते. फॉर्म भरला जातो, ट्रोम्सो शहरातील विद्यापीठाच्या एका प्राध्यापकांना सविस्तर ईमेल जातो, आणि दोन मिनिटांत उत्तर येते, की आपण रजेवर असून ऑगस्टमध्ये परतू. हे उत्तर यंत्राने आपोआप पाठवलेले असते, हे त्याला ठाऊक असते. तरीही नॉर्वेहून उत्तर आले, ही बातमी तिसऱ्या गल्लीपर्यंत जाते, आणि शेजारच्या काकू 'काय डॉक्टर, थंडीचे कपडे घेतले का?' असे विचारू लागतात. तो उत्तरादाखल हसतो, कारण मुत्सद्देगिरीत स्पष्ट नकार कधी द्यायचा नसतो.

अशा प्रकारे अर्ज हे साधन न राहता पूर्णवेळचे काम होऊन बसते आणि त्याचे म्हणून एक पंचांग तयार होते: जूनची नेट, डिसेंबरची नेट, विद्यापीठाची 'पेट', म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षा, परदेशी विद्यापीठांची डिसेंबरअखेर, 'सारथी'ची जाहिरात आणि त्या जाहिरातीचे शुद्धिपत्रक. या पंचांगात एखाद्या दुपारी दक्षिणेकडची एक विद्यार्थिनी टॅब्लेट घेऊन दारात उभी राहते आणि कुटुंबातील व्यक्तींचे वय, शिक्षण व व्यवसाय नोंदवू लागते. थोरल्या मुलाच्या शिक्षणाच्या रकान्यात ती आदराने एम.ए., नेट असे लिहिते; व्यवसायाशी येताच पर्यायांकडे पाहून अडखळते, कारण तो नोकरीत नाही, धंद्यात नाही, विद्यार्थी नाही आणि बेरोजगार म्हटलेले त्याला चालणार नाही. भाकरी थापत आई आतून सांगते, "तो अर्ज करतो." विद्यार्थिनी 'इतर' या पर्यायावर बोट ठेवून घरात पंखे किती या प्रश्नाकडे वळते, आणि थोरला मुलगा तिला पाण्याचा पेला देऊन अत्यंत अदबीने विचारतो, की तिच्या गाईडकडे यंदा एखादी जागा रिकामी होते आहे का.