आर्थिंगला पाणी

प्रत्येक हापिसात एक कानसेन असतो. तुमच्याकडेही असणार. कानाला हेडफोन, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोर कुणी फाईल घेऊन उभं राहिलं की ‘थांबा’ म्हणून वर गेलेलं एक बोट. गाणं समेवर आल्याशिवाय ते बोट खाली येत नाही. आमच्या मुखेडच्या हापिसातले कानसेन लेखा शाखेत बसतात. फरक एवढाच, की बाकीचे कानसेन गाण्याबद्दल बोलतात आणि आमचे आर्थिंगबद्दल.

सुरुवात साधी होती. कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात पिन खुपसली की गाणं ऐकू येतं, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक. यांना मात्र तिथे माउस ऐकू येऊ लागला. माउस सरकवला की किर्र, प्रिंटर जागा झाला की घर्र. पंखा, हार्डडिस्क, पॉवर सप्लाय असे सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात नांदतात आणि त्यांची भांडणं बिचाऱ्या साउंड चिपला ऐकावी लागतात, हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत हातातला घास हातातच ठेवून समजावलं. माझाही घास त्यांनी थांबवला होता. उपाय एकच. आवाज घडवण्याचं काम डब्याबाहेर न्यायचं. यूएसबीला डॅक, डॅकला अँप, अँपला हेडफोन. डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करून देणारी काडेपेटीएवढी डबी. तिची किंमत मात्र मी इथे लिहीत नाही, कारण हे त्यांच्या घरीही वाचलं जाईल.

डबी आली. किर्र गेली, घर्र गेली, आणि खालून गुणगुण वर आली. मंद, अखंड, खर्जातली. आपल्या लाइटीला सेकंदाला ५० हेलकावे असतात, तेच कानात उतरलेले. कानसेनांनी हेडफोन काढला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, “आर्थिंग.”

हापिसामागे बाभळीखाली आर्थिंगचा खड्डा आहे. त्यात कोळसा, मीठ आणि धातूची पट्टी पुरलेली. माती ओली असली की चुकार वीज जमिनीत मुरते, वाळली की फिरत राहते. कानसेनांनी खड्ड्याला पाणी घालायला सुरुवात केली. आधी बाटलीत उरलेलं, मग तांब्याभर, मग बादली. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, आमच्याकडे टँकर आला की रांगेत भांडणं लागत होती, आणि हा माणूस पाहुण्याने अर्धा टाकलेला ग्लास जपून उचलायचा, मागच्या दाराने जायचा आणि खड्ड्यात रिकामा करून यायचा. शिपाईमामांना राहवेना.

“साहेब, त्यापरीस तुळशीला तरी घाला. पुण्य लागंल.”

“तुळस गुणगुणायलीय का, मामा?”

हळूहळू जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्यांना त्या खड्ड्यात दिसू लागलं. सर्व्हर बसला, आर्थिंग. बिलावर आक्षेप निघाला, आर्थिंग. आस्थापनावाल्यांच्या मुलीचं ठरत आलेलं स्थळ फिसकटलं तेव्हा सगळे हळहळत होते, हे म्हणाले, “मी घर बघून आलतो. दोन पिनांवर टीव्ही चालायलाय. त्या घरात आर्थिंगच नाही.” पुढे ते स्थळ खरंच वाईट निघालं आणि यांचा शब्द हापिसात वजनदार झाला. एकदा साहेब मीटिंगमध्ये विनाकारण भडकले, तर बाहेर येताच दोघा-तिघांनी नकळत मागच्या दाराकडे पाहिलं.

हेडफोन निवडण्याचं प्रकरण वेगळंच. जातभाई दोन, उघड्या पाठीचे आणि बंद पाठीचे. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा उघडा हेडफोन काढला, तेव्हापासून रसिकांत हा वाद आहे. उघड्यातून आवाज मोकळा येतो, पण तो बाहेरही सांडतो. कानसेनांनी उघडा घेतला. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना दिवसभर अभंग ऐकू येऊ लागले, तेही नुसते टाळ. आठवड्यात त्यांनी खुर्ची हलवली. मग बंद पाठीचा आला. आता बाहेर काही सांडेना आणि आत काही शिरेना. साहेबांनी केबिनमधून हाका मारल्या, बेल दाबली, शेवटी स्वतः येऊन पाठीमागे उभे राहिले. कानसेनांनी वळूनही न पाहता बोट वर केलं.

त्यांना मेमो मिळाला. खुलाशात त्यांनी काय लिहिलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल.

व्हीसीचा किस्सा तर तालुकाभर झाला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की विंडोज सगळे आवाज एकत्र कालवतं आणि गाण्यात आपलं बोट घालतं. त्याला बाजूला सारायचं तर गाण्याच्या प्लेयरला डॅकवर एकट्याचा ताबा द्यायचा. त्यांनी दिला. त्याच दिवशी साहेबांचा कॉम्प्युटर बंद पडला आणि जिल्ह्याची व्हीसी यांच्या टेबलावर आली. पडद्यावर वरिष्ठ हातवारे करून बोलतायत आणि आवाज शून्य, कारण प्लेयर ताबा सोडीना. साहेब प्रत्येक वाक्याला “हो सर, झालंय सर” म्हणत राहिले. काय झालंय, हे आजतागायत कळलेलं नाही. पुढे महिनाभर त्याच्या पूर्ततेचे अहवाल मात्र आम्ही पाठवत होतो.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली तेव्हापासून सेकंदाला ४४,१०० नमुने पुरतात, कारण धडधाकट कानाची धाव २०,००० हर्ट्झच्या आसपास संपते आणि त्याला दुपटीहून थोडे जास्त नमुने लागतात. कानसेनांना पाहिजेत १,९२,०००. पन्नाशीनंतर वरचे सूर कानातून आधीच गळालेले असतात, असं आमच्या डाटा ऑपरेटर पोराने त्यांना सांगून पाहिलं. “काका, १५,००० वाजवलोय. ऐकू यायलंय का?” काका तल्लीन होऊन मान डोलावत होते. पोराने काही वाजवलंच नव्हतं.

एवढं सगळं करून हा माणूस ऐकतो काय, याची मला उत्सुकता होती. भीमसेन ऐकतात. आपल्या नांदेडचे नाथराव नेरळकर ऐकतात. पण दुपारी तीनच्या सुमारास, वर्दळ कमी झाली की, एक फाईल लागते. तिला नाव नाही, नुसती तारीख आहे. एकदा त्यांनी आपणहून हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. गावचा सप्ताह. पेटी थोडी उतरलेली, पखवाज लयीच्या पुढे धावणारा, एक पोर रडतंय, कुणीतरी “सतरंजी तिकडं सरकवा” म्हणतंय. कॅसेटवरून उतरवलेलं. आणि त्या सगळ्याखाली तीच गुणगुण, हापिसातल्यापेक्षा दुप्पट मोठी.

“आर्थिंग?” मी विचारलं.

“इथलं नाही. तिथलं. टेपची पिन देवळाच्या बोर्डातच लावली होती.”

त्यांचं गाव लेंडी धरणाच्या बुडितातलं. महाराष्ट्र आणि तेलंगणाचं हे सामाईक धरण आमच्याच तालुक्यात गोणेगावला. काम ऐंशीच्या दशकातलं, आणि तेव्हापासून धरण आणि मावेजा दोन्ही रेंगाळत आलेले. २०२५ च्या ऑगस्टात एका रात्रीत पाणी चढलं, हसनाळ-रावणगावच्या पट्ट्यात माणसंही गेली. त्यानंतर काही दिवस कानसेनांनी खड्ड्याला पाणी घातलं नाही. हे आमच्यापैकी कुणी बोललं नाही, पण शिपाईमामांनी बादली आत नेऊन ठेवली होती.

ऑपरेटर पोरगा मनाने चांगला. त्याने ती फाईल गुपचूप घेतली, सॉफ्टवेअरमधून ५० हर्ट्झ आणि त्याचे पटीतले सूर छाटले आणि दोन मिनिटांत स्वच्छ करून काकांपुढे ठेवली. काकांनी शेवटपर्यंत ऐकली. पोराची पाठ थोपटली. मग म्हणाले, “लई साफ केलास रे. पण आता हे कुठल्याबी गावचं भजन झालं.” आणि ती प्रत त्यालाच पुसायला लावली.

बादली पुन्हा बाहेर आली आहे. हल्ली त्यांच्या डोक्यात ३०० ओहमचा हेडफोन आहे. तो साध्या डबीला पेलत नाही, म्हणून अँपही नवा पाहिजे. “आता कशाला, काका?” मी म्हटलं. तर म्हणे, हापिसातली गुणगुण एकदा पुरती गेली, की त्या कॅसेटमधली नीट ऐकता येईल. किंमत घरी कळता कामा नये, अशी आम्हा सगळ्यांना ताकीद आहे.